चढणीचे मासे : धरावे कधी, राखावे कधी?



मिरगाचा पाऊस लागला, की आपल्या सिंधुदुर्गात दोन कामांची घाई उडते. एक पेरणीची आणि दुसरी चढणीच्या माशांची. दिवसभर जोत धरलेला माणूस रात्री जेवण आटोपून बत्ती घेतो आणि व्हाळावर जातो. कुणाच्या हातात पागी, कुणाच्या हातात कोयता, तर कुणी व्हाळाच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचा पिंजरा लावून बसलेला. गड, कर्ली, तेरेखोल, वाघोटन या नद्यांच्या काठची एकही वाडी याला अपवाद नाही.

या विषयावर कार्यक्रमाकडे दोन प्रकारचे प्रश्न येतात. तरुण मंडळी विचारतात, "परदेशातला सालमन मासा समुद्रातून नदीत उड्या मारत चढतो, काश्मीरमध्ये ट्राऊट असतो, ते आपल्या नदीत सोडता येतील काय?" वडीलधारी मंडळी विचारतात, "आमच्या लहानपणी घमेली भरून चढणीचे मासे मिळत. आता एका कालवणापुरतेही मिळत नाहीत. असे का?" प्रश्न दोन दिसले, तरी त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. म्हणून ही माहिती जरा सविस्तर देत आहोत. पत्रिका जपून ठेवावी आणि पावसाच्या आधी वाडीत एकदा वाचून दाखवावी.

सालमन आणि ट्राऊट आपल्याकडे का नाहीत?

सालमन आणि ट्राऊट हे थंड पाण्याचे मासे. सालमन जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. तोही कोणत्याही नदीत नव्हे, तर बहुधा ज्या नदीत जन्मला तिथेच येतो. आपल्या ओढ्याच्या पाण्याचा वास त्याला ओळखता येतो. ट्राऊट हा त्याचाच भाऊबंद. आपल्या देशात तो मूळचा नाही. इंग्रजांच्या काळात सुमारे १९०० साली त्याची अंडी विलायतेहून काश्मीरमध्ये आणली. पुढे निलगिरीच्या थंड ओढ्यांतही त्याची वस्ती झाली.

या माशांना पाणी गार लागते, कारण गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पाणी ३० अंशांवर गेले, की तो साडेसातच्या आसपास येतो. आपल्या नद्यांचे पाणी उन्हाळ्यात कोमट लागते, हे तुम्ही पाय बुडवून पाहिलेच आहे. अशा पाण्यात ट्राऊट तग धरणार नाही. तेव्हा त्याचा नाद सोडावा.

एक खुलासा येथेच करतो. हॉटेलात रावस माशाला 'इंडियन सालमन' म्हणतात. रावस खायला उत्तम, पण सालमनच्या कुळाशी त्याचे काही नाते नाही. नाव तेवढे उसने घेतलेले.

मात्र सालमनसारखा प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालणारा मासा आपल्याकडे नाही, असे मुळीच नाही. मळे, खवळे, शेंगटी, ठिगूर ही मंडळी दरवर्षी तेच करतात. गावागावांत नावे थोडी बदलतात, मासे तेच. ते समुद्रातून येत नाहीत. नदीच्या खोल कोंडीत उन्हाळा काढतात आणि पहिल्या पुराबरोबर वर चढतात. आपला सालमन म्हणायचा तर तो हाच.

मासे का चढतात?

आपल्या नद्या आखूड आहेत. सह्याद्रीच्या कड्यावरून निघाल्या, की शंभर किलोमीटरच्या आत समुद्राला मिळतात. जिल्ह्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि आंबोलीला तर याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे पूर तासाभरात चढतो आणि काही तासांत उतरतो. मार्चनंतर मात्र वरची नदी खंडित होते. जागोजागी कोंडी उरतात. तेवढ्या पाण्यात नदीची सगळी मासळी कोंडलेली असते.

मृगाचा पाऊस पडला, की तीन गोष्टी एकदम घडतात. पाणी गार होते. पाण्यात मातीचा नवा वास आणि गढूळपणा येतो. आणि ओढ पडते. ही खूण माशांना पुरेशी होते. गाबोळीने भरलेली मादी आणि तिच्या मागे नर असे थवेच्या थवे ओढीच्या तोंडाला लागतात आणि उथळ, गवताळ, खडकाळ जागा शोधत व्हाळात, पाणंदीत, थेट भाताच्या कुणग्यात शिरतात. अशा उथळ पाण्यात मोठे शिकारी मासे कमी असतात, पिल्लांना खाद्य भरपूर असते आणि खळाळत्या पाण्यामुळे अंड्यांना प्राणवायू मिळतो.

ही पुराची खूण किती महत्त्वाची, हे मत्स्यशेतीच्या इतिहासावरून कळते. रोहू, कटला, मृगळ हे मासे साध्या तळ्यात वाढत, पण अंडी घालत नसत. पूर नाही, तर अंडी नाहीत. त्यामुळे बीज नदीतून गोळा करावे लागे. अखेर १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्याने माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांकडून तळ्यात अंडी घालून घेतली. म्हणून १० जुलै हा दिवस देशात मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. शास्त्रज्ञांना ज्याच्यासाठी इंजेक्शन शोधावे लागले, ते काम आपल्या व्हाळात मृगाचा पाऊस फुकट करतो. आपण फक्त मध्ये यायचे नाही.

गाबोळीचा हिशोब

चढणीच्या माशाची चव वेगळी, कारण तो गाबोळीने भरलेला असतो. हे खरे आहे. पण हिशोब काय होतो तो पाहा.

रोहू-कटल्यासारख्या मोठ्या जातीत मादीच्या दर किलो वजनामागे लाखाच्या वर अंडी असतात. आपल्या व्हाळातले मासे लहान, म्हणून आपण कमी धरू. समजा, एका मादीत पाच हजार अंडी आहेत. एका रात्री वाडीतल्या दहा घरांनी मिळून अशा शंभर माद्या धरल्या. म्हणजे पाच लाख अंडी टोपात गेली. त्यातली शंभरात एक जरी जगली असती, तरी पुढच्या वर्षी पाच हजार मासे झाले असते. आपण शंभर खाल्ले आणि पाच हजार घालवले.

शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. वरकड भात आपण कुटून खातो, पण बियाण्याचे मुडे कितीही अडचण आली तरी फोडत नाही. पहिल्या पुराचा मासा हा नदीचा बियाण्याचा मुडा आहे. पेरणीच्या दिवशीच जो बियाणे खातो, त्याने कापणीला खळे रिकामे दिसले म्हणून तक्रार करू नये.

"नदीतले मासे काय संपतत?" असे म्हणणारे अजून भेटतात. पूर्वी ते म्हणणे चालून गेले, कारण पागी हाताने विणलेली होती, बत्ती एकच होती आणि पकडणारे घरापुरते पकडत. आता नायलॉनची बारीक जाळी बाजारात स्वस्त मिळते, डोक्याला बांधायची बॅटरी आहे, आणि व्हाळावर मासा चढल्याची बातमी मोबाईलवर अर्ध्या तासात तालुकाभर जाते. माणसाची ताकद वाढली, माशाची गाबोळी तेवढीच राहिली.

नदीचे पाणी कसे ओळखावे?

मासे धरूच नका, असे आमचे सांगणे नाही. कोकणी माणसाला ते सांगून पटणारही नाही. सांगणे एवढेच, की पाण्याचा रंग आणि हंगाम पाहून धरावे.

एप्रिल-मे. नदी कोंडीपुरती उरते. पाणी कोमट आणि प्राणवायू कमी. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले, तर समजावे, की ते आधीच अडचणीत आहेत. या दिवसांत कोंड उपसू नये. कोंडीतला मासा म्हणजे नदीची शिल्लक. घरापुरते गरीने धरले तर हरकत नाही. जाळे लावू नये.

मृग आणि आर्द्रा, म्हणजे साधारण ७ जूनपासून ५ जुलैपर्यंत. पाणी तांबडे. हीच चढण. यातले पहिले दोन पूर पूर्ण सोडून द्यावेत. पुढच्या पुरात धरायचेच असेल तर व्हाळाचे अर्धे पात्र मोकळे ठेवून धरावे. पोट फुगलेली मादी हाती आली तर परत सोडावी. पोटावर हलका दाब देताच गाबोळी बाहेर येत असेल, तर ती मादी एक-दोन दिवसांत अंडी घालणार, हे नक्की.

पुनर्वसू, पुष्य आणि आश्लेषा, म्हणजे जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. अंडी फुटायला फार वेळ लागत नाही. कार्प जातीची अंडी आपल्या हवेत साधारण १५ ते २० तासांत फुटतात. पुढचे तीनेक दिवस पिल्लू पोटाशी असलेल्या बलकावर जगते आणि मग स्वतः खाऊ लागते. मोठे मासे अंडी घालून पूर ओसरताना परत उतरू लागतात. हे परतीचे मासे खुशाल धरावेत. गाबोळी नसली, तरी त्यांनी आपले काम केलेले असते.

उत्तरा, हस्त आणि चित्रा, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. नदी निवळते. गुडघाभर पाण्यात उभे राहून स्वतःच्या पायाची बोटे स्पष्ट दिसली, की गरीचे दिवस आले असे समजावे. नदीच्या मासेमारीचा खरा हंगाम हाच. मासा पुष्ट, पाणी सुरक्षित आणि नुकसान कमी. सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी सूर्य कलल्यावर मासा खायला निघतो. दुपारी तो खोल पाण्यात किंवा काठच्या झाडाच्या सावलीत बसतो.

पागी किंवा जाळे कोणतेही असो, त्याची आस एवढी असावी, की दोन बोटे सहज आरपार जातील. बोटाएवढे पिल्लू निसटले पाहिजे. ते आज निसटले, तर पुढच्या वर्षी हातभर होऊन येईल.

खाडीचे पाणी वेगळे

मसुरे, कालावल, तारकर्ली, देवबाग, आचरा भागातल्या मंडळींना नदीपेक्षा खाडी जवळची. गड नदी कणकवलीवरून येऊन कालावलच्या खाडीत उतरते, तर कर्ली देवबागजवळ समुद्राला मिळते. येथे पुराबरोबर भरती-ओहोटीचाही विचार करावा लागतो.

चोणक मासा घ्या. रायगडाकडे याला जिताडा म्हणतात. याचा प्रवास सालमनच्या अगदी उलट. तो खाडीत आणि गोड्या पाण्यात वाढतो आणि पावसाळ्याच्या सुमारास अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्याकडे जातो. त्याची पिल्ले भरतीबरोबर आत येऊन खाजणात आणि तिवरांच्या मुळांत वाढतात. म्हणून जो तिवर तोडतो, तो चोणकाचा पाळणा तोडतो. तांबोशीची आणि कोळंबीची पिल्लेही याच आसऱ्याला असतात.

जोराच्या पावसात खाडीत वरचा थर गोड्या पाण्याचा आणि तळाला खारे पाणी अशी स्थिती होते. त्या वेळी खाऱ्या पाण्याचे मासे तोंडाकडे सरकतात. ऑक्टोबरनंतर खारे पाणी पुन्हा आत चढते आणि त्याच्याबरोबर तांबोशी, चोणक, शेवटे, काळुंदर वर येतात.

भरतीच्या वेळेचा जुना आडाखा अजून उपयोगी आहे. तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो आणि खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोचते. उधाणाच्या दिवसांत पाण्याला जोर असतो आणि ते गढूळ होते. भांगाच्या दिवसांत पाणी संथ आणि स्वच्छ राहते, तेव्हा गरीला बरे.

समुद्रात पावसाळी बंदी असते, ती सर्वांना ठाऊक आहे. १९८१ च्या राज्याच्या कायद्याखाली १ जूनपासून यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात. दर्यावर्दी माणूस पोटाला चिमटा घेऊन नौका वर ओढतो, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतो आणि मगच उमेदीने दर्यात जातो. त्याच दिवसांत नदीकाठी आपण रात्र-रात्र गाबोळीचे मासे मारायचे, हे बरे दिसते का?

वाट अडवू नका

चढणाऱ्या माशाला वाट लागते. गंगेचे उदाहरण मोठे बोलके आहे. हिलसा, म्हणजे आपण ज्याला पाला म्हणतो तो मासा, समुद्रातून गंगेत शिरून पार प्रयागराजपर्यंत जात असे. १९७५ साली फराक्का येथील बंधारा सुरू झाला आणि वरच्या भागातला हिलसा जवळजवळ नाहीसा झाला. तेथील कोळ्यांची जाळी कोरडी पडली.

आपले बंधारे लहान, पण मासेही लहान आणि त्यांची उडीही लहान. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

वनराई बंधारा पाणी अडवण्यासाठी उत्तमच आहे. तो जरूर घालावा. पण मेअखेर त्याच्या पिशव्या काढून काठावर घ्याव्यात. त्या पुरात वाहून गेल्या, तर प्लास्टिक व्हाळात राहते आणि वाटही अडते.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या पावसापूर्वी काढायच्या असतात. हे काम पुरावर ढकलू नये. मृगाच्या आधीच काढाव्यात.

पक्क्या बंधाऱ्याखाली मासा अडतो आणि भिंतीशी गोळा होतो. तेथे त्याला मारणे सर्वांत सोपे, म्हणूनच सर्वांत वाईट. भिंतीपासून खाली निदान पन्नास पावले कुणी जाळे लावू नये, असा गावाने नियम करावा. नवा बंधारा मंजूर होताना एका कडेला दगडांचा पायऱ्यापायऱ्यांचा उतार ठेवण्याची मागणी ग्रामपंचायतीने अभियंत्याकडे करावी. मासा अशा उताराने चढतो.

खारभूमीच्या बांधाची उघाडी नादुरुस्त असेल, तर खारे पाणी शेतात शिरते आणि माशांचे येणे-जाणेही बिघडते. तिची डागडुजी वेळेवर व्हावी. तसेच नदीतले गोटे आणि वाळू बेसुमार उपसू नये. अंडी त्याच गोट्यांत रुजतात.

विष, सुरुंग आणि वीज

याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. कोंडीत ब्लिचिंग पावडर किंवा कीटकनाशक टाकणे, जिलेटीनचा बार उडवणे, विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात प्रवाह सोडणे, हे प्रकार मासेमारी नव्हेत. मोठे मासे तर मरतातच, पण पिल्ले, अंडी, खेकडे, झिंगे आणि ज्यांच्यावर मासे जगतात ते किडेही मरतात. एक कोंड विषाने मारला, तर वरून नवे मासे येईपर्यंत तो मेलेलाच राहतो. त्याच कोंडीवर खाली कुणाची गुरे पाणी पितात, कुणाची विहीर पाझरते. असे मासे खाणाऱ्यालाही धोका असतोच.

पाण्यात दारूगोळा वा विष वापरून मासे मारणे हा १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. विजेचा आकडा हा तर चोरीही आणि मरणही. ओल्या हाताने तार धरणारा माणूस माशाच्या आधी जातो. असा प्रकार दिसल्यास पोलीस पाटलांना कळवावे आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या मालवण येथील कार्यालयाला लेखी द्यावे.

भाताच्या कुणग्यातले पाहुणे

चढणीचे मासे कुणग्यात आले, तर ते आपले पाहुणे समजावेत. त्यांची पिल्ले डासांच्या अळ्या आणि पाण्यातले किडे खातात.

फवारणी करायचीच असेल, तर शिफारस केलेले औषध, शिफारस केलेल्या मात्रेतच वापरावे. फवारणीनंतर काही दिवस कुणग्याचे पाणी व्हाळात सोडू नये. पंप आणि रिकामे डबे व्हाळात धुऊ नयेत.

भात पोटरीतून बाहेर पडून पुढे पाणी काढायची वेळ आली, की कुणग्याच्या सखल कोपऱ्यात हातभर खोल खड्डा करावा. पाणी उतरेल तशी पिल्ले त्यात जमतात. ती घमेल्यात घेऊन व्हाळात सोडावीत. पोरांना हे काम सांगा. ती आनंदाने करतात आणि जन्मभर लक्षात ठेवतात.

बाहेरचे मासे मात्र नदीत सोडू नयेत. तळ्यातला चिलापी किंवा थाई मागूर व्हाळात गेला, की आपल्या माशांचे खाद्य आणि अंडी दोन्ही संपवतो. थाई मागूर पाळण्यास तर देशात मनाई आहे.

गावाने काय ठरवावे?

एकट्याने नियम पाळून भागत नाही. आपण सोडलेली मादी पुढच्या वळणावर दुसऱ्याच्या पागीत जाणार असेल, तर कुणालाही सोडावेसे वाटणार नाही. म्हणून हे काम वाडीचे, गावाचे आहे आणि नदी ज्या ज्या गावांतून जाते त्या सगळ्यांचे आहे.

कोकणाला हा विचार नवा नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीला देवीचे मासे म्हणून कोंडीतल्या माशांना कुणी हात लावत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते राखले गेले आहेत. आपल्या आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळ, महादेवाच्या देवळाच्या परिसरातील पाण्यात एक छोटा मासा आहे. लोक त्याला देवाचा मासा म्हणतात. २०२० साली शास्त्रज्ञांनी तो जगाला नवा असल्याचे जाहीर करून त्याला हिरण्यकेशीचेच नाव दिले, आणि २०२१ साली राज्य शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. देवाच्या भीतीने जे राखले गेले, ते शास्त्राच्याही उपयोगी पडले.

परदेशातही असेच आहे. स्कॉटलंडमध्ये सालमनच्या प्रत्येक नदीला वर्षातले काही महिने बंदी असते आणि रविवारी सालमनला गळ टाकता येत नाही. अशी शिस्त ठेवली, म्हणून आजही तेथे सालमन धरायला दूरदूरचे लोक पैसे मोजून येतात.

आपल्या गावात काय करता येईल? २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. मे महिन्यातल्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि तीन ठराव करावेत. पहिला, गावातला एक खोल कोंड बारा महिने राखीव. दुसरा, मृगाचे पहिले दोन पूर पूर्ण बंदी. तिसरा, विष, बार आणि वीज वापरणाऱ्याची गय नाही. नदीच्या वरच्या आणि खालच्या गावालाही ठरावाची नक्कल पाठवावी. राखीव कोंडीवर देवाचे नाव लावले, तर राखणदार ठेवावा लागणार नाही, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

भोई, गाबीत आणि ज्यांचे पोटच मासेमारीवर आहे, अशा घरांना मात्र ठराव करताना बरोबर घ्यावे. ज्याच्या चुलीवर बंदीचा परिणाम होणार, त्याचे म्हणणे आधी ऐकावे. परतीच्या माशांवर आणि निवळीच्या हंगामावर पहिला हक्क त्यांचा ठेवला, तर बंदी टिकेल.

जिवाची काळजी

वर सांगितल्याप्रमाणे पूर तासाभरात चढतो. आपल्याकडे पाऊस नसला, तरी घाटमाथ्यावर पडत असतो. पाणी एकाएकी जास्त तांबडे झाले किंवा पालापाचोळा, काटक्या वाहून येऊ लागल्या, तर लगेच काठावर यावे. विजा चमकत असताना व्हाळात उभे राहू नये. रात्री एकट्याने जाऊ नये. फुरसे, मण्यार, नाग यांचेही हेच फिरण्याचे दिवस असतात. पायात बूट आणि हातात काठी असावी.

पायाला जखम असेल, तर गढूळ पाण्यात उतरूच नये. उंदराच्या आणि गुरांच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टोचा रोग अशाच जखमेतून शिरतो. पाण्यातून आल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले, तर अंगारे-धुपारे करत बसू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि आपण व्हाळात किंवा शेतात उतरलो होतो, हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. वेळेवर औषध मिळाले, तर हा रोग बरा होतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. मृगाचे पहिले दोन पूर माशांचे. नंतरचे आपले.
२. गाबोळीची मादी हाती आली तर सोडा.
३. जाळ्याची आस दोन बोटांची.
४. बंधाऱ्याच्या फळ्या आणि पिशव्या मेअखेर काढा.
५. विष, बार, वीज यांना गावात थारा नाही.
६. कुणग्यातली पिल्ले व्हाळात परत सोडा.
७. गावात एक कोंड राखीव ठेवा.

तेव्हा मंडळी, सालमन आणि ट्राऊट त्यांच्या थंड देशात सुखी असोत. आपल्या व्हाळात चढणारा मळा आणि खवळा आपण राखला, तर दोन-तीन पावसाळ्यांत फरक दिसू लागेल. यंदा तुमच्या गावाने काय ठरवले आणि पुढच्या मृगात व्हाळाला काय दिसले, ते कार्यक्रमाकडे पत्राने जरूर कळवावे. एका गावाचा अनुभव दहा गावांना उपयोगी पडतो.

— कृषी विस्तार अधिकारी